पाठीतलं पाणी

"पाठीतलं पाणी काढलं की पोर ऱ्हात न्हाई," आण्णाप्पा मगदूम म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर घातली.

"कुणाचं राहिलं नाही?" मी विचारलं.

"आमच्या भावकीत एक. मेव्हण्याच्या शेजारी एक. दोन्ही गेली."

"ती आधी किती आजारी होती?"

"लई."

"मग काका, पाण्यानं गेली की आजारानं? उद्या म्हणाल, ज्याच्या दारात अँब्युलन्स येते त्याचं काही खरं नसतं, तर अँब्युलन्सच नको."

ते हसले नाहीत. शेजारी बसलेली त्यांची मुलगी मात्र ओठांच्या कोपऱ्यातनं जराशी हसली. बाळंतपणाला आठवडासुद्धा झाला नव्हता. भर उन्हाळ्यात कानाला स्कार्फ, पायात मोजे, अंगाला बाळंतशेपाचा वास. नाव कस्तुरी. आत काचेपलीकडं पेटीत झोपलेलं बाळ तिचं. पहिलंच. मुलगा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलगी असती तर पुढचं सगळं तुम्ही इथंच ओळखलं असतं.

ही गोष्ट मिरजेतल्या एका दवाखान्यातली, पुष्कळ वर्षांपूर्वीची. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर एक बाक होतं आणि बाकासमोर माझी खुर्ची. माझ्या छातीवर 'समुपदेशक' अशी पट्टी होती. त्याच्या आधी त्याच जागी 'आया' अशी होती. मी दहावीला गणितात गेलेली बाई. डॉक्टरांच्या राउंडमागं ट्रे घेऊन फिरताना जे कानावर पडलं ते धरून ठेवलं, नर्सिंगच्या पोरींनी टाकून दिलेली पुस्तकं घरी नेऊन वाचली, आणि एक दिवस मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते सांगतात ते लोकांना कळत नाही आणि मी सांगते ते कळतं. पगार वाढला नाही. खुर्ची मिळाली.

त्या सकाळीही तसंच झालं होतं. डॉक्टर बेलवलकर दारातून डोकावले, "इन्फेक्शन सीएसएफमध्ये गेलंय का बघायला लंबर पंक्चर करावं लागेल, सिंपल प्रोसिजर आहे, आक्का सांगतील," असं एका श्वासात म्हणाले आणि आत गेले. वाईट माणूस नव्हता. आत आठ पेट्या होत्या आणि डॉक्टर एक.

"पाठ कर इकडं," मी कस्तुरीला म्हटलं. आण्णाप्पा समोरच बसले होते. तिच्या कमरेवर मी बोट टेकवलं. "मेंदूपासून एक जाड दोरी पाठीच्या कण्यातनं खाली येते. ती वरच संपते. डॉक्टर सुई घालतात ती तिच्या खाली, इथं. इथं दोरी नाही, नुसते धागे आहेत, पाण्यात सोडलेले. पातेल्यात शेवया शिजत असताना सुईनं एक शेवई टोचून बघितलीस कधी?"

"सरकते ती."

"तसेच ते धागे सरकतात. म्हणून पोर लुळं पडत नाही."

"दुखतं?"

"दुखतं. खोटं सांगत नाही. पण पोरं सुईपेक्षा धरून ठेवल्यामुळं जास्त रडतात. सिस्टर त्याला मुडपून धरतात, तुझ्या पोटात होता तसा. तिथं नऊ महिने त्याची काही तक्रार नव्हती, इथं दोन मिनिटांत घर डोक्यावर घेईल."

"किती काढतात पाणी?"

"थोडे थेंब. चमचाभरसुद्धा नाही. ओढत नाहीत, आपोआप ठिबकतं. अंग ते परत भरून काढतं."

"आणि नाही काढलं तर?"

हा प्रश्न आई विचारतेच, आणि तो विचारताना ती काचेकडं बघते. कस्तुरी माझ्याकडं बघत होती.

"त्याच्या रक्तात जंतू आहेत, ते कळलंय. औषध चालू आहे. पण सकाळी त्याच्या हाताला झटके आले, तेव्हा ते जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचलेत का ते बघायला हवं. नसतील पोचले तर दहा दिवसांत घरी. पोचले असतील तर डोस वेगळा आणि तीन आठवडे मुक्काम. न बघता दहा दिवसांत घरी नेलंत आणि आत राहून गेले असतील, तर पोर जाईल. नाहीतर राहील, पण धड राहणार नाही."

ती म्हणाली, "मी सही करते. करा. आत्ता करा." आणि खालच्या आवाजात, "ते यायच्या आत."

"कस्तुरे!" आण्णाप्पा उठले. "पाहुणे आल्याबिगर काय बी करायचं न्हाई."

पाहुणे म्हणजे मुलीच्या सासरचे. मुलगी त्यांच्या घरात म्हातारी झाली तरी ते पाहुणेच.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काय झालं? आई सज्ञान आहे. तिची सही चालते आम्हाला."

"तुम्हाला चालत आसंल, सायेब. मला न्हाई चालत. पयलं बाळंतपण म्हायेरचं. खर्च माझा, जागरण माझ्या बायकोचं, पण पोर चौगुल्यांचं. माझ्या दारात त्याला काय झालं तर जन्मभर बोल. मगदुमानं आमच्या नातवाची पाठ भोसकली म्हणतील. मी जीप धाडलीया. ते येतील, त्यांच्या म्होरं हुईल काय व्हायचं ते."

गेल्या महिन्यात एका बाळाच्या काकानं विभागाच्या दाराची काच फोडली होती. तिथं अजून पुठ्ठा होता. डॉक्टरांनी पुठ्ठ्याकडं पाहिलं.

"तासभर थांबतो. त्याहून जास्त नाही."

ते आत गेल्यावर आण्णाप्पांनी माझ्याकडं वळून हात जोडले. "बाई, तुम्ही चांगलं सांगताय. मला अडाण्याला बी समजलं. तसंच त्यांच्या कानावर घाला. समदं. काडीचं लपवू नका. लपवलं की संपलं."

कस्तुरी स्कार्फची गाठ सोडत होती, परत बांधत होती. मी तिच्याजवळ सरकले. "घाबरू नकोस गं. याच्याहून हट्टी माणसं समजावलीत मी."

"तुम्ही त्यांना समजावत बसू नका, आक्का."

वेळ जाईल म्हणून म्हणते, असं मला वाटलं. "सासू कडक आहे का फार?"

"नाही," ती म्हणाली. "आवाजसुद्धा चढवत नाहीत."

सुलोचना चौगुले जीपमधून उतरल्या त्या सरळ कस्तुरीकडं आल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलीस का?" दवाखान्यात येणाऱ्या सासवांपैकी हा प्रश्न विचारणारी बाई मला फार दिवसांनी भेटत होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. खळ केलेली सुती साडी, पर्समध्ये चष्मा. मागं पाण्याची बाटली धरून त्यांचा मुलगा, बाळाचा बाप, अभिनंदन. त्यानं बायकोकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं, आणि बाटली कुठं ठेवायची ते त्याला कळेना.

"मला पहिल्यापासून सांगा," बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या.

मी सांगितलं. दोरी, धागे, शेवया, ठिबकणारे थेंब. बाई चष्मा लावून ऐकत होत्या. मध्ये एकदाही 'हो का', 'अगं बाई' म्हणाल्या नाहीत. मग विचारायला लागल्या.

"पाणी नितळ आलं तर?"

"दहा दिवसांत घरी."

"गढूळ आलं तर?"

"तीन आठवडे, शिरेतून औषध."

"त्यानं बरं होतं?"

"बहुतेक बाळं होतात."

"बहुतेक म्हणजे? जी पूर्ण बरी होत नाहीत त्यांना काय होतं?"

इतकं थेट कुणी विचारत नाही. लोक या प्रश्नाच्या आसपास फिरतात, पाणी मागतात, मोबाइल बघतात. मला बाईंचं कौतुक वाटलं. शिकलेल्या माणसाला समजावताना एक होतं, आपणही जरा हुशार वाटायला लागतो.

"काहींना ऐकायला कमी येतं. काहींना पुढं फिट येतात. काही उशिरा चालतात, उशिरा बोलतात."

"आणि हे कधी कळतं?"

"काही लवकर. काही शाळेत जायच्या वयाला."

"म्हणजे तोवर खात्री कुणीच देऊ शकत नाही."

"नाही देऊ शकत. पण बाई, तपासलं नाही आणि जंतू आत राहिले, तर हे सगळं व्हायची भीती कितीतरी पट वाढते. म्हणूनच तपासायचं."

"बरोबर आहे तुमचं." त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "अभी, सही कर."

"आई, पण पाठीतनं सुई..."

"अभी."

त्यानं सही केली. आण्णाप्पांनी टोपीनं तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा. शिकलेली माणसं."

डॉक्टर तर खूशच. "आक्का, तुम्हाला माझी अर्धी डिग्री द्यायला पाहिजे."

"अर्धी नको. गणिताचा पेपर तेवढा सोडवून द्या."

सगळे हसले. चौगुले बाईसुद्धा. कस्तुरी फरशीकडं बघत बसली होती. थकली असेल बिचारी, मी मनात म्हटलं.

मी आत गेले. बघायला कुणी घरचं नको असं डॉक्टर म्हणत, पण मला जाऊ देत. सिस्टर रोझलीननं बाळाला कुशीवर घेतलं, एक हात मानेमागं, एक गुडघ्यांमागं, आणि मुडपलं. पाठ माझ्या तळहाताएवढी. मणक्यांची ओळ अशी दिसत होती की कुणी त्वचेखाली मोहरीचे दाणे ओवून ठेवलेत. ते रडलं. आजारी पोराचं रडणं, त्यात जोर नव्हता. "रड बाबा," मी म्हटलं, "रड, हे हक्काचं आहे."

पहिला थेंब आला. मी तोवर पुष्कळ थेंब पाहिले होते. नितळ असतो तेव्हा तो काचेच्या नळीत दिसत नाही, नळी ओली झाली एवढंच कळतं. हा दिसला. तांदूळ धुताना दुसरं पाणी निघतं ना, तसा.

डॉक्टरांनी नळी उजेडाकडं धरली. सिस्टरनं बाळाला सरळ केलं आणि ते रडायचं थांबलं.

दुपारी तपासणीचा निकाल आला आणि डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं. मेंदूज्वर. वेळेत सापडलाय, औषध बदललंय, आशा चांगली आहे. चौगुले बाईंनी फक्त एकच विचारलं, "काय म्हणालात? मेंदूज्वर?" आणि डॉक्टर "हो" म्हणाल्यावर मान हलवली. मग माझ्याकडं आल्या.

"तुम्ही फार चांगलं समजावून सांगता. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत असं सांगणारी माणसं मी थोडी पाहिली. एक शब्द निसटला नाही माझ्या हातून."

मी लाजले. खरंच लाजले.

आण्णाप्पा त्यांना सोडायला जीपपर्यंत गेले, मी दारात उभी होते. बाई आत बसल्या, पदर सारखा केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पाहुणे, बाळाचं सगळं व्यवस्थित होऊ दे. सावकाश होऊ दे. बारशाची घाई नको. आम्ही कळवतो."

ज्या बाईनं जन्मात एकदा तरी पोह्यांची ताटली घेऊन परक्या माणसांसमोर मान खाली घातली आहे, तिला 'आम्ही कळवतो' याचा अर्थ सांगावा लागत नाही. आण्णाप्पांनी तीन मुली उजवल्या होत्या. त्यांनाही सांगावा लागला नसणार. तरी जीप फाटकाबाहेर वळेपर्यंत ते हात जोडून, हसरं तोंड करून उन्हात उभे होते.

कस्तुरी दूध काढायच्या खोलीत होती. वाटी धरून भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी आत गेले तरी वळली नाही.

"गेले?"

"गेले."

"कळवतो म्हणाल्या?"

मी खाली बसले. "तुला कसं कळलं?"

"थोरल्या जावेला पण असंच म्हणाल्या होत्या." ती थेंब थेंब दूध वाटीत पाडत होती, बोलताना हात थांबला नाही. "तिच्या पोराला फिट यायच्या. आधी दवाखाने केले. मग म्हणाल्या, थोडे दिवस माहेरी राहा, हवापालट होईल. आम्ही कळवतो. माझं लग्न झालं तेव्हा मला सांगितलं, थोरली नोकरीसाठी बाहेर असते."

"मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस? सकाळी? मी काहीतरी..."

"आप्पा बसले होते की समोर." आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे स्थळ त्यांनी शोधलं. गावभर सांगत फिरले, बाईंचं घर आहे, शिकलेली माणसं आहेत. त्यांच्या तोंडावर काय सांगू?"

बाहेर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. आपलं नाही, एवढं ओळखून ती परत वाटीकडं वळली.

"तुम्हाला वाटलं असेल, ते नाही म्हणतील म्हणून मी भ्यायले."

"हो."

"ते नाही म्हणतील याची भीती नव्हती, आक्का. त्यांना समजेल याची होती."

मी म्हटलं, "पोर वाचलं तुझं."

"वाचलं ना," ती म्हणाली. "तुमची काही चूक नाही. तुमचं कामच आहे ते." आणि वाटी माझ्या हातात दिली. "आत द्या. गार होईल."

पुढचे तीन आठवडे बाळानं आमच्या सगळ्यांच्या वतीनं नीट काढले. झटके थांबले, अंगात ऊब आली, नळीतून घेणारं पोर चमच्यानं घ्यायला लागलं आणि एक दिवस आईच्या छातीला असं चिकटलं की सिस्टर रोझलीननं टाळी वाजवली. अभिनंदन एकदा येऊन गेला. एकटाच. सफरचंदांची पिशवी बाकावर ठेवून काचेशी उभा राहिला.

"त्याला ऐकू येतं का?" त्यानं मला विचारलं.

"येतं. आत या, हाक मारून बघा."

"काय म्हणून मारू? नाव कुठं ठेवलंय अजून."

खरंच होतं. पेटीवरच्या पट्टीवर 'कस्तुरीचं बाळ' एवढंच होतं. तो थोडा वेळ थांबला आणि कस्तुरी हात धुऊन बाहेर यायच्या आत गेला.

घरी सोडायच्या दिवशी आण्णाप्पांनी पेढे आणले. झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाटले. मग एक पुडा हातात तसाच ठेवून माझ्यापुढं उभे राहिले.

"बाई, एक काम करा. माझ्यासंगं पाहुण्यांकडं चला. तुम्ही सांगितलेलं त्यांना समजतंय. पोरगं बरं झालं, ऐकू येतंय, दूध वढतंय, येवढंच सांगा. मी सांगितलं तर बापाचं बोलणं वाटंल."

अशा कामाला जायचं नसतं. दवाखान्याचा नियमच होता. मी गेले.

चौगुल्यांचं घर मोठं, स्वच्छ, दारात तुळस आणि भिंतीवर सत्कारांचे फोटो. बाईंनी उठून स्वागत केलं. अभिनंदननं चहा आणून ठेवला आणि आत गेला. आण्णाप्पा सोफ्याच्या अगदी कडेला बसले, पेढ्यांचा पुडा मांडीवर. मी सगळं सांगितलं. ऐकण्याची तपासणी नीट आली, डोक्याची सोनोग्राफी नीट आली, वजन वाढतंय.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "देवाची कृपा."

"मग कधी न्यायचं म्हंताय?" आण्णाप्पांनी विचारलं.

बाईंनी उत्तर माझ्याकडं बघून दिलं. "शाळेत जाईपर्यंत खात्री नाही. असंच ना?"

मी आण्णाप्पांकडं पाहिलं. त्या बाकावर बसलेल्या शेकडो माणसांशी मी बोलले होते आणि एकालाही खोटं सांगितलं नव्हतं. माझ्याकडं डिग्री नव्हती, तेवढंच एक होतं.

"पूर्ण बरा आहे तो, बाई," मी म्हटलं. "आता काहीही होणार नाही त्याला. मी सांगते ना."

बाई हसल्या. कुचकट नाही, वर्गातल्या आवडत्या मुलीनं कॉपी केलेली सापडावी, तसं.

"आक्का, त्या दिवशी तुम्ही असं म्हणाला नव्हता."

"त्या दिवशी बाळ आजारी होतं."

"त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होता. म्हणून तर मी अभीला सही करायला लावली. नातू वाचला त्यात माझाही हात आहे, हे विसरू नका."

"मग वाचलेला नातू घरी न्या की."

"थोरलीच्या वेळी आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, खालच्या पट्टीत. "चार वर्षं आशेवर काढली. घर मोडून गेलं आमचं. मी शाळेत दुसऱ्यांची पोरं शिकवायची आणि घरी येऊन त्या पोराला वाटीनं भरवायची. मला आता ते परत होणार नाही. या वेळी तुम्ही आधीच सगळं सांगितलंत, तुमचे उपकार आहेत. चहा घ्या, गार होतोय."

तो मुलगा पुढं शाळेत गेला. पाढे माझ्याहून बरे म्हणायचा. आईच्या माहेरच्या गावातल्या शाळेत. पण हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी बाईंना पटवता आलं नसतं.

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवायचा की परत न्यायचा, हे आण्णाप्पांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो ठेवला.

जीपमध्ये ते एकदम म्हणाले, "ही गाडी मीच धाडली होती."

मी त्यांच्याकडं वळले.

"पोरगी म्हणत होती, ते यायच्या आत करा. मीच न्हाई म्हणालो. समदं कानावर घाला म्हणालो." त्यांनी टोपी काढली, बघितली, परत घातली. "तिला ठावं होतं की ओ. तिनं मला का न्हाई सांगितलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही.

बारसं मगदुमांच्याच घरी झालं. 'कळवतो'ची वाट बघायचं कस्तुरीनंच बंद केलं. पण बारशाला आत्या लागते. कानात नाव बापाच्या बहिणीनं सांगायचं असतं, आणि कस्तुरीच्या दोन्ही नणंदांनी फोन उचलला नव्हता. "आत्या कुठली आणायची आता?" म्हणून तिची आई डोळ्याला पदर लावून बसली, तेव्हा कस्तुरी म्हणाली म्हणे, "दवाखान्यातल्या आक्कांना बोलवा."

मी झबलं-टोपडं घेऊन गेले. घर बायकांनी भरलेलं. घुगऱ्यांचा वास, पाळण्याला झेंडूच्या माळा. बापाकडचं एक माणूस नव्हतं आणि ते कुणी बोलत नव्हतं, म्हणून सगळ्या जरा जास्तच मोठ्यानं हसत होत्या. कस्तुरीनं हिरवी साडी नेसली होती. हात मोकळे होते. बाळाला हात लावायचा तर दवाखान्यात बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. त्या तिनं परत भरल्याच नव्हत्या.

"नाव काय सांगू?" मी तिला विचारलं.

"सन्मती."

मी पाळण्यावर वाकले. बाळ जागं होतं. मला बघत होतं की छताला, सांगता येत नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. त्यानं मान माझ्याकडं वळवली. स्वच्छ वळवली.

आत्यानं कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं रीत आहे. बायका हसत, ओरडत पुढं सरल्या. "घाला गं, आत्याबाईंना घाला!" बांगड्या वाजत होत्या, हात पडत होते, कुणाचे हलके, कुणाचे जरा बरे. मीही हसत होते. मग एक बसला. त्याच्याबरोबर बांगड्या वाजल्या नाहीत. मूठ होती ती, आवळलेली, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. माझा श्वास अडकला.

बायका हसतच होत्या. मी वळून पाहिलं नाही. पाळण्याची दांडी धरून तशीच वाकून राहिले. म्हटलं, अजून एखादा घालायचा असेल तर घालू दे.